आडनावापुरती ओळख

नऊ उन्हाळे मिस्टर मोझली माझ्या उजव्या हाताला बसले. दहाव्या उन्हाळ्यात त्यांची जागा रिकामी राहिली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की या गृहस्थांना शोधायचे झाल्यास माझ्यापाशी त्यांच्या आडनावापलीकडे काहीही नाही.

डेट्रॉइटच्या नदीकाठी जून ते ऑगस्ट दर बुधवारी संध्याकाळी स्मूथ जॅझची मैफल होते. पुढच्या भागात बांधीव आसने आहेत. तिथे ज्यांना मिरवायचे असते ते बसतात. मागे हिरवळ आहे. तिथे आपापली घडीची खुर्ची आणि बर्फाची पेटी घेऊन ऐकणारे बसतात. फाटक पाच वाजता उघडते, आम्ही साडेचारला हजर असतो. उजवीकडे, आसने आणि हिरवळ यांच्यामधल्या दोरापासून तिसरी रांग ही आमची जागा. ती कोणी आम्हाला लिहून दिलेली नाही, पण ती आमची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे यजमान डीकन व्हिटलो चर्चचे सेवेकरी होते; ते हयात असेपर्यंत आमच्या घरात चर्चच्या गाण्यांशिवाय दुसरा सूर उमटला नाही. ते गेल्यानंतरच्या वर्षी आमच्या चर्चमधल्या माझ्या जुन्या मैत्रीण सिस्टर रेम्बर्ट यांनी मला जवळजवळ ओढूनच नदीकाठी नेले. या संगीताला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. माझी मुलगी व्हर्नेटा त्यांच्यात पहिली.

"आई, हे लिफ्टमध्ये लावतात गं."

"मग तू जिना वापरत जा," मी म्हणाले.

चौतीस वर्षे मी शाळेची मुख्याध्यापिका होते. माझ्याशी लोक एक तर चाचरत बोलत किंवा आवाज चढवून. त्या संध्याकाळी रंगमंचावरचा सॅक्सोफोन माझ्याशी हलक्या आवाजात बोलला. घाई नाही, आर्जव नाही, जणू त्याला माझ्याकडून काहीच नको होते. मी पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. बुधवारी आमच्या चर्चमध्ये बायबलचा वर्ग असतो. पास्टरांनी एकदा हा विषय काढला, तेव्हा सिस्टर रेम्बर्ट यांनीच उत्तर दिले, "पास्टर, उन्हाळ्यात देव आम्हाला गुरुवारी भेटतो. त्याची काही तक्रार नाही."

मिस्टर मोझली प्रथम आले ते करड्या रंगाची हॅट घालून. त्यांनी हॅट काढली आणि विचारले, "मॅम, इथं कुणी बसतंय का?"

"आपण बसलात तर बसलेलं असेल," मी म्हणाले.

बसल्यावर मी रीतीप्रमाणे बटाट्याचे सॅलड पुढे केले. त्यांनी चमचा उचलला नाही.

"माफ करा, पण हे केलंय कुणी?"

"मी."

"मग द्या. काय आहे, वाटेल त्याच्या हातचं बटाट्याचं सॅलड मी खात नाही. माणसं गेलीयत त्यानं."

"माझ्या सॅलडनं अजून कुणी गेलेलं नाही," मी म्हणाले.

"चेहऱ्यावरूनच कळलं, मॅम. आपण त्यांना जाऊच दिलं नसतं."

सिस्टर रेम्बर्ट इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला.

मिस्टर मोझली यांनी आयुष्यभर मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या खुर्चीची पट्टी उसवली, तर ते पुढच्या बुधवारी जाड सुई आणि मेणाचा दोरा घेऊन आले आणि मैफल सुरू होण्याआधी त्यांनी ती शिवून टाकली. ऐकायलाही त्यांनीच शिकवले, न शिकवता. लोक वादकाच्या बोटांकडे पाहतात. ते खांद्याकडे पाहत. वरच्या सुराला जाण्याआधी वादकाचा डावा खांदा किंचित खाली येतो. तो खाली आला की मिस्टर मोझली एक बोट उचलत आणि पुटपुटत, "आता बघा." आणि खरोखरच तो सूर येई. सॅक्सोफोनवादक डॅरिल व्हँटरपूल हे त्यांचे विशेष आवडते. ऑगस्टचा शेवटचा बुधवार नेहमी व्हँटरपूल यांचा असतो. ते वाजवत वाजवत रंगमंचावरून खाली उतरतात, रांगारांगांतून फिरतात आणि एखादा सूर इतका लांबवतात की चार हजार माणसे उभी राहून रुमाल फिरवू लागतात. मिस्टर मोझली मात्र उभे राहत नसत. ते डोळे मिटून घेत. मीही उभी राहणे सोडले.

हे सारे नऊ वर्षे, वर्षातून बारा संध्याकाळी. एरवी आमची कधी भेट झाली नाही, कधी फोन झाला नाही. त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो, पत्नी निवर्तली आहे आणि ते मेथडिस्ट पंथाचे आहेत, एवढे बोलण्याच्या ओघात कळले होते. विचारणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते.

गेल्या वर्षी शेवटच्या बुधवारी खुर्च्यांची घडी करताना ते थांबले.

"मिसेस व्हिटलो, नऊ वर्षं झाली. आता आपण मला नावानं हाक मारलीत तर काही आभाळ कोसळणार नाही. माझं नाव—"

"मिस्टर मोझली," मी त्यांना मध्येच थांबवले, "आपल्यात आडनाव पुरेसं आहे."

 त्यांनी हॅटच्या कडेला बोट लावले. "जशी आपली इच्छा. मग जूनमध्ये भेटू." आणि नेहमीप्रमाणे माझी खुर्ची व्हर्नेटाच्या गाडीपर्यंत पोहोचवून ते निघून गेले.

तो शिष्टपणा नव्हता. अलाबामात माझी आई ज्या घरचे कपडे धुवी, तिथला सहा वर्षांचा गोरा मुलगा तिला 'हॅटी' म्हणून हाक मारी आणि आईने त्याला 'मिस्टर' म्हणायचे असे. वडिलांनी आम्हाला डेट्रॉइटला आणले त्या पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर सांगितले, "या घरात आजपासून मिस्टर आणि मिसेस. आपलं नाव आता कुणाच्या तोंडी फुकट जायचं नाही." चारचौघांत माझे आईवडील एकमेकांनाही तसेच संबोधत. सिस्टर रेम्बर्ट यांच्याशी माझा पन्नास वर्षांचा स्नेह आहे. त्यांचे पाळण्यातले नाव मला माहीत आहे, पण मी ते कधी उच्चारलेले नाही. मिस्टर मोझलीही दक्षिणेतलेच, जॉर्जियाचे. त्यांना हे सांगण्याची गरज नव्हती, म्हणून मी सांगितले नाही. तरीही त्या हिवाळ्यात खिडकीबाहेर बर्फ साचत असताना मी अनेकदा मनाशी म्हणाले की त्यांचे वाक्य पुरे होऊ द्यायला हवे होते.

जूनचा पहिला बुधवार आला. मी माझी खुर्ची उघडली आणि उजवीकडे एका खुर्चीची जागा सोडली. ते आले नाहीत. दुसऱ्या बुधवारी आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी सिस्टर रेम्बर्ट म्हणाल्या, "त्या गवताकडं किती वेळ बघणार आहात? बघून तिथं खुर्ची उगवायची नाही."

"मी नदीकडे पाहत होते."

"नदी डावीकडं आहे, बाई."

जुलैत जागेसाठी ओढाताण सुरू झाली. एक जोडपे येऊन उभे राहिले.

"मावशी, ही जागा मोकळी आहे का?"

"नाही. ती मिस्टर मोझली यांची आहे."

"कुठायत ते?"

"उशिरा येणार आहेत."

हे उत्तर मी पाच बुधवार दिले. पाचव्या खेपेस ते देताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आता मी ऐकत नव्हते, हेही माझ्या लक्षात आले होते. वादकाचा खांदा खाली येई, आणि मी उजवीकडे एक बोट वर जाण्याची वाट पाहत राही. तोवर सूर येऊन गेलेला असे.

त्या रात्री गाडीत मी व्हर्नेटाला विषय सांगितला, शक्य तितक्या थोड्या शब्दांत.

"अगं, त्यात काय, शोधू की फोनवर. नाव काय त्यांचं?"

"मिस्टर मोझली."

"नाव गं, आई."

"तेच सांगतेय."

तिने गाडी बाजूला घेतली. "थांब. नऊ वर्षं? ह्या माणसानं तुझी खुर्ची शिवली, तुझं सॅलड खाल्लं, आणि तुला त्याचं नाव माहीत नाही?"

"विचारण्याचा प्रसंग आला नाही."

"आई, या शहरात मोझली म्हणजे रानातली चिमणी आहे. कुठल्या झाडावर दगड मारू?"

"दगड मारू नकोस. गाडी चालव," मी म्हणाले. तिने गाडी काढली, पण घरी पोहोचेपर्यंत एका हाताने माझा हात धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला नाही.

माझ्याकडे टेलिफोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी आहे. दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपून मी टेबलाशी बसले आणि पहिल्या मोझलीपासून सुरुवात केली. अर्धे क्रमांक बंद पडलेले. जे लागले, त्यांना मी एकच प्रश्न विचारला: नदीकाठच्या बुधवारच्या मैफलीला जाणारे मिस्टर मोझली आपणच का?

एक म्हणाले, "नाही बाई, पण एकट्या असाल तर येतो की."

एक बाई कडाडल्या, "माझ्या नवऱ्याला कशाला शोधतेस गं तू? बुधवारी तो बोलिंगला जातो म्हणतो. कुठली नदी?" त्या संसारात मी काय पेटवून ठेवले, देव जाणे.

एक वृद्ध गृहस्थ सावकाश म्हणाले, "मी तो नव्हे, मॅडम. पण तुम्ही ज्याला शोधताय तो नशीबवान आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

चार दिवसांत यादी संपली. मी मेथडिस्ट चर्चना फोन करणार होते. पण तिथे कोणा ना कोणाला माझा आवाज ओळखू आला असता. अर्ध्या शहराची मुले माझ्या शाळेतून गेली आहेत. मिसेस व्हिटलो एका पुरुषाची चौकशी करीत हिंडत आहेत, ही बातमी रविवारच्या प्रार्थनेआधी पसरली असती. मी फोन ठेवून दिला, आणि तीन आठवडे स्वतःला बजावत राहिले की जो येत नाही त्याला बोलवायचे नसते.

ऑगस्टचा शेवटचा बुधवार उजाडला. हा चुकला तर पुढे जूनपर्यंत काही नाही, आणि आमच्या वयाला जून फार लांब असतो.

मध्यंतरात निवेदिका मिस रोविना चिठ्ठ्या वाचतात. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या लग्नाला चाळीस वर्षे, कोणाची नात परिचारिका झाली. लोक कागदावर लिहून रंगमंचाच्या कडेच्या टोपलीत टाकतात. अशा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नव्हते. घरातले चव्हाट्यावर मांडावे तसे लोक आपले खासगी चार हजारांपुढे मांडतात, असे मी अनेकदा बोलून दाखवले होते. म्हणूनच मी पर्समधून पेन काढले तेव्हा सिस्टर रेम्बर्ट यांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"तुम्ही? चिठ्ठी?"

"आपण खात राहावं, सिस्टर रेम्बर्ट."

मी लिहिले: 'मिसेस व्हिटलो यांस मिस्टर मोझली यांची खुशाली समजून घ्यावयाची आहे. उजवीकडे, तिसरी रांग.' चिठ्ठी मी स्वतः टोपलीत नेऊन टाकली.

मिस रोविना यांनी दोन वाढदिवस वाचले, मग माझी चिठ्ठी उघडली आणि थांबल्या. "मंडळी, ही जरा वेगळी आहे हं. वाढदिवस नाही, लग्न नाही. ऐका." त्यांनी शब्दन् शब्द वाचला. नदीवरून येणारा वाराही त्या वेळी पडला होता. सारे स्पष्ट ऐकू गेले.

आधी एक लांबलचक 'ऊऽऽ' उठला. मग कोणी पुरुष ओरडला, "मोझली, असशील तिथून पळत ये रे बाबा!"

"तो नाही आला तर मी आहे, मॅडम!"

"तू खाली बस. तुला जिना चढवत नाही!"

"बोलवा त्याला, ताई, बोलवा! लाजू नका!"

हशा पिकला. आमच्याच लोकांचा हशा. त्यात विखार नसतो, पण तो अंगावरून जाताना उन्हासारखा लागतो. मी समोर पाहत बसले. सिस्टर रेम्बर्ट यांनी माझे मनगट घट्ट धरले आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "ताठ बसा. हसू देत. बरं केलंत."

हशा ओसरला. कोणी आले नाही. वादक रंगमंचावर परतून वाद्ये जुळवू लागले, आणि मी पर्स बंद केली. तेवढ्यात हिरवळीच्या वरच्या टोकाकडून पांढऱ्या पोशाखातल्या एक बाई, हातात कागदी बशी तशीच धरून, लोकांच्या पायांमधून वाट काढत खाली आल्या.

"मिसेस व्हिटलो आपणच? मी मिसेस ड्यूप्री. त्यांच्या चर्चमधली." त्यांना धाप लागली होती. "सॅक्सोफोनलासुद्धा ताठ उभं राहायला लावतात, त्या आपणच ना?"

"असं कोण म्हणतं?"

"तेच म्हणायचे. कायम. अहो, फेब्रुवारीत दारातलं बर्फ ओढता ओढता कोसळले ते. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली. मुलगा टोलेडोला घेऊन गेलाय. समजतं सगळं, पण शब्द बाहेर यायला फार वेळ लागतो." त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या गवतावर गुडघे टेकून बसल्या. "जून लागल्यापासून काय सुरू झालंय माहितेय? दर बुधवारी चार वाजले की हॅट मागतात आणि दाराशी जाऊन बसतात. मुलाला वाटलं, बुधवार म्हणजे बायबलच्या वर्गाचा दिवस. तेव्हापासून बिचारा दर बुधवारी त्यांना चर्चमध्ये नेऊन बसवतोय. मुलगा कौतुकानं सांगत होता, बाबा किती धार्मिक झालेत."

सिस्टर रेम्बर्ट यांना हसू आले आणि त्याच क्षणी त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

मिसेस ड्यूप्री यांनी बशीच्या मागे टेलिफोनचा क्रमांक लिहिला. "घ्या. आणि फोन मुलगा उचलेल, त्याला सांगा, ब्रदर थ—"

"थांबा," मी म्हणाले. माझा हात वर गेला होता. "नाव सांगू नका. उपकार होतील."

त्या गोंधळल्या, पण थांबल्या. व्हँटरपूल खाली उतरून रांगांत आले तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. खांदा कधी खाली आला, कोणत्या गाण्यात ते आमच्या दोरापाशी थांबले, कोट कोणत्या रंगाचा होता, हे सारे मी परीक्षेला बसल्यासारखे टिपून घेतले.

गुरुवारी सकाळी ठीक दहा वाजता मी फोन लावला. एका पुरुषाने उचलला.

"मी मिसेस व्हिटलो बोलतेय, डेट्रॉइटहून. मिस्टर मोझली यांच्याशी बोलायचं होतं."

"कोण मिसेस व्हिटलो?"

"आपल्या वडिलांच्या डाव्या हाताला बसणारी. नदीकाठी. बुधवारी."

 तो हळूच म्हणाला, "बुधवारी. अरे देवा. मॅडम, मी त्यांना तीन महिने बायबलच्या वर्गाला नेतोय."

"त्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही," मी म्हणाले. "त्यांना फोन द्या."

पावले वाजली. खुर्ची सरकली. मग श्वास ऐकू येऊ लागला, जड आणि सावकाश.

"मि," ते म्हणाले, आणि थांबले. "मिसे." पुन्हा थांबले. नुसते 'हॅलो' म्हटले असते तरी चालले असते. पण त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत नेले. "मिसेस. व्हिट. लो."

"होय, मिस्टर मोझली," मी म्हणाले.  मग मी थेट मैफलीकडे वळले. पहिल्या गाण्यापासून सांगितले. कोट निळा होता हे सांगितले. सिस्टर रेम्बर्ट यांनी दोनदा चहा सांडला हे सांगितले. तिसऱ्या गाण्यात खांदा खाली आला आणि मी माझेच बोट उचलले, तर मागचा माणूस म्हणाला, बाई, टॅक्सी बोलावताय का, हेही सांगितले. पलीकडून घशातल्या घशात हसल्याचा आवाज आला. तो मी वर्षभर ऐकला नव्हता.

सांगण्यासारखे संपले. ते आता नदीकाठी येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही समजत होते, आणि त्यावर बोलण्याची गरज नव्हती.

"मिस्टर मोझली," मी म्हणाले, "माझं नाव ओझेला."

डीकन व्हिटलो गेल्यापासून ते नाव मी कोणाला दिले नव्हते. स्वयंपाकघरात ते फार मोठ्याने उमटले असे मला वाटले.

"मागच्या वर्षी आपण काही सांगत होतात. मी मध्येच बोलले. माझी चूक झाली. ते आता सांगा."

श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग पहिला आवाज आला, नुसती जीभ दातांना टेकल्याचा. तो निसटला. पुन्हा आला, पुन्हा निसटला. दारातून व्हर्नेटा आत आली आणि काही विचारू लागली. मी तिला हाताने गप्प केले आणि खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली.

"सावकाश," मी त्यांना म्हणाले. "मला कुठं जायचं नाहीये."